सँटोरिनी 'बाहेरून' दाखवू नका : महाराष्ट्रातील सहल संयोजकांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातून ग्रीसच्या समूह सहली नेणारे सर्व सहल संयोजक यांस,

सप्रेम नमस्कार.

मी साताऱ्याची एक निवृत्त भूगोल शिक्षिका आहे. माध्यमिक शाळेत ३१ वर्षे शिकवताना 'ज्वालामुखी' हा पाठ मी दरवर्षी घेतला. फळ्यावर कॅल्डेराची आकृती काढून मी मुलांना सांगत असे, की हे म्हणजे गुऱ्हाळातली काहील समजा. फक्त ही काहील काही किलोमीटर रुंद असते आणि पोटातला लाव्हा निघून गेल्यावर वरची जमीन खचून तयार होते. प्रत्यक्षात कॅल्डेरा मी कधी पाहिला नव्हता. निवृत्तीनंतर मिळालेल्या रकमेतून थोडे पैसे बाजूला ठेवून, मुलीच्या आग्रहाने, गेल्या मे महिन्यात मी ग्रीसच्या समूह सहलीला गेले, आणि सहल निवडताना इतर सर्व ठिकाणांपेक्षा सँटोरिनी या एका बेटाकडे पाहूनच मी ती निवडली होती.

कोणत्या कंपनीबरोबर गेले, हे मी मुद्दाम लिहीत नाही. परत आल्यावर मी इतर पाच-सहा कंपन्यांची पत्रके मागवून वाचली आणि सँटोरिनीच्या बाबतीत ती जवळपास सारखीच निघाली. म्हणून हे पत्र आपणा सर्वांना आहे. आमची व्यवस्था उत्तम होती, हे आधी सांगितले पाहिजे. सामानाची काळजी करावी लागली नाही, दोन वयस्कर सहप्रवाशांची औषधे अथेन्सला हरवली तेव्हा सहल व्यवस्थापकांनी रात्री अकरा वाजता फिरून ती मिळवून दिली, आणि परक्या देशात पहाटे आल्याचा चहा मिळणे ही किती मोठी गोष्ट आहे, हे घराबाहेर पडलेल्या माणसालाच कळते. माझे म्हणणे सेवेविषयी नाही. आपण काय दाखवता आणि काय वगळता, याविषयी आहे.

आमच्या कार्यक्रमपत्रिकेत सँटोरिनीच्या दोन रात्री होत्या. पहिल्या दिवशी दुपारी अथेन्सजवळच्या पिरेअस बंदरातून बोटीने आगमन, दुसऱ्या दिवशी सकाळी ज्वालामुखी बेटाची नौकासफर, दुपारी फिरा गावात खरेदीसाठी मोकळा वेळ, चार वाजता इया गावाकडे प्रयाण व सूर्यास्त, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी प्रस्थान. खाली बारीक अक्षरांत लिहिले होते : 'अक्रोतिरी – बाहेरून, वेळ मिळाल्यास.'

या 'बाहेरून' शब्दाविषयी मला सर्वांत अधिक लिहायचे आहे. आयफेल टॉवर बाहेरून पाहता येतो, लंडनचा राजवाडा बाहेरून पाहता येतो. अक्रोतिरी बाहेरून पाहता येत नाही. ते ज्वालामुखीच्या राखेखालून खणून काढलेले प्राचीन गाव आहे, आणि ते सारे उत्खनन एका मोठ्या छपराखाली आहे. बाहेर वाहनतळ आहे, तिकिटाची खिडकी आहे आणि एक भिंत आहे. ज्यांनी हा शब्द पत्रकात छापला, ते तेथे आत गेले असते, तर त्यांनी तो छापला नसता, असे मला मनापासून वाटते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी व्यवस्थापकांना सांगितले, की मला खरेदी करायची नाही, मी स्थानिक बसने अक्रोतिरीला जाऊन चारच्या आत परत येते. त्यांनी माझ्याकडून 'उशीर झाल्यास जबाबदारी माझी' असे लिहून घेतले. तेही त्यांच्या जागी बरोबर असतील. माझ्याबरोबर भंडाऱ्याच्या एक निवृत्त परिचारिका यायला तयार झाल्या. बेटावरच्या सर्व बसगाड्या फिरा येथूनच सुटतात, त्यामुळे शोधाशोध करावी लागली नाही, आणि अर्ध्या तासात आम्ही तेथे पोहोचलो.

आत गेल्यावर डोळ्यांना सावलीची सवय व्हायला थोडा वेळ लागतो. मग लक्षात येते, की आपण एका गल्लीच्या वर उभे आहोत. दोन्ही बाजूंना दोन-दोन, तीन-तीन मजली घरे, त्यांच्या खिडक्या, दारांच्या चौकटी, मध्ये फरसबंदी रस्ता आणि त्या फरशीखालून गेलेली सांडपाण्याची गटारे. एका घरात वरच्या मजल्यावर शौचकूप आहे आणि त्याची मातीची नळी भिंतीतून खाली उतरून रस्त्याखालच्या गटाराला मिळते. धान्य साठवायचे माणसाच्या कमरेइतके उंच रांजण जागच्या जागी उभे आहेत. हे गाव सुमारे ३,६०० वर्षांपूर्वीच्या उद्रेकात राखेखाली गेले, आणि ज्या राखेने त्याचा शेवट केला, तिनेच त्याला सांभाळून ठेवले.

तेथे एक दगडी जिना आहे. त्याच्या जवळजवळ प्रत्येक पायरीचा दगड बरोबर मध्ये तडकला आहे आणि दोन्ही तुकडे आतल्या बाजूला किंचित कलले आहेत. वरपासून खालपर्यंत एकच तडा. उद्रेकाच्या आधी जो भूकंप झाला, त्याची ही खूण. मी आयुष्यभर मुलांना भूकंपाच्या लहरींच्या आकृत्या काढून दाखवल्या. पण त्या जिन्यापाशी उभे राहिल्यावर मला जे कळले, ते त्या आकृत्यांतून मी त्यांना देऊ शकले नव्हते. परिचारिकाबाई माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "बाई, हे हाड मोडल्यासारखं दिसतंय."

भूकंपानंतरचे लोकांचे वागणेही तेथे वाचता येते. राडारोडा बाजूला सारून त्यांनी त्याचे ढीग केले होते, घरातले पलंग बाहेर आणून रचून ठेवले होते. लाकूड कुजून गेले, पण राखेत त्याची पोकळी राहिली. तिच्यात प्लास्टर ओतून संशोधकांनी त्या पलंगांचा आकार परत मिळवला. म्हणजे माणसे परतली होती, आवराआवर करत होती, आणि मग पुन्हा धोक्याची चिन्हे दिसल्यावर निघून गेली. पाँपेईत जसे मृतदेहांचे ठसे मिळाले, तसे येथे आजवर एकही माणूस सापडलेला नाही. ती माणसे समुद्रात कोठवर पोहोचली, कोणाला सांगता येत नाही. ग्रीक पुरातत्त्वज्ञ स्पिरिडॉन मारिनातोस यांनी येथील उत्खनन १९६७ मध्ये सुरू केले आणि १९७४ मध्ये याच जागी काम करताना त्यांचा मृत्यू झाला. पुढे क्रिस्तोस दुमास यांनी अनेक दशके ते चालवले. २००५ मध्ये नव्या छपराचा भाग कोसळून एका पर्यटकाचा जीव गेला, आणि त्यानंतर २०१२ पर्यंत ही जागा बंद होती. त्यामुळे जुन्या काळी आखलेल्या कार्यक्रमांत ती नसणे समजण्यासारखे आहे. आता मात्र ते कारण उरलेले नाही.

अक्रोतिरीच्या घरांतली भित्तिचित्रे काही अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहेत, काही फिरा येथील प्रागैतिहासिक थिरा संग्रहालयात (थिरा हे सँटोरिनीचेच दुसरे नाव). आम्ही अथेन्सला दोन दिवस होतो, आणि लिलीच्या फुलांवर पाकोळ्या पक्षी झेपावत असलेले वसंताचे ते चित्र ज्या संग्रहालयात आहे, त्याच्या दारावरून आमची बस गेली. फिरा येथील संग्रहालय तर बसस्थानकाला लागून आहे. तिसऱ्या दिवशी सकाळी सामान गाडीत चढत असताना मी तेथे अर्धा तास जाऊन आले. १९९९ मध्ये सापडलेली सोन्याची छोटी रानबकरी तेथे आहे. एका लाकडी पेटीत ती ठेवलेली होती, आणि ती हाताच्या पंजावर मावेल एवढीच आहे. पण मला थांबवले ते निळ्या माकडांच्या चित्राने.

खडकांवरून चढत, मागे वळून पाहत, शेपटी वर उचलून तिची कमान केलेली ती माकडे आहेत. ग्रीसमध्ये माकडे नव्हती, मग चित्रकाराने ती कोठे पाहिली, हा प्रश्न आहे. बराच काळ ती आफ्रिकेतली मानली जात होती. २०१९ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात प्राणिशास्त्र आणि कलेतिहास जाणणाऱ्या संशोधकांनी शेपटीची ठेवण आणि अंगकाठी पाहून असे मत मांडले, की ही भारतीय उपखंडातील लंगूर असावीत, आणि सिंधू संस्कृतीचा मेसोपोटेमियाशी जो व्यापार होता, त्या वाटेने त्यांची ओळख भूमध्य समुद्रापर्यंत गेली असावी. काही अभ्यासकांना हे मान्य नाही आणि ते आफ्रिकेकडेच बोट दाखवतात. वाद चालू आहे. पण आपण मराठीत माकड आणि वानर असे दोन शब्द वेगळे ठेवले आहेत. काळ्या तोंडाची, लांब शेपटीची वानरे आमच्या घराच्या पत्र्यावरून उड्या मारताना मी लहानपणापासून पाहिली आहेत. त्या चित्रासमोर उभे राहून 'हे वानर आहे का?' असा प्रश्न स्वतःला विचारण्याचा आनंद आपल्या सहलीतील ४० जणांपैकी एकालाच मिळावा, आणि तोही सामान चढवताना चोरलेल्या अर्ध्या तासात, याचे मला वाईट वाटले.

आता नौकासफरीविषयी. ती कार्यक्रमात ठेवल्याबद्दल मी आपली ऋणी आहे. कॅल्डेराच्या मधल्या निया कामेनी बेटाच्या काळ्या दगडांवरून चढताना, कपारीतून येणाऱ्या उष्ण वाफेवर हात धरताना, गंधकाचा वास घेताना माझे डोळे भरून आले. पण त्या वेळी गटाला जे सांगण्यात आले, ते दुरुस्त व्हायला हवे. 'हाच तो ज्वालामुखी, याच्याच स्फोटाने प्राचीन संस्कृती बुडाली' असे आम्हांला सांगितले गेले. निया कामेनी हे तरुण बेट आहे. ते १७०७ मध्ये समुद्रातून वर आले आणि त्याचा शेवटचा उद्रेक १९५० मध्ये झाला. म्हणजे आमच्या गटातील काही जण तेथल्या सर्वांत नव्या दगडांपेक्षा वयाने मोठे होते. प्राचीन स्फोट ज्याचा झाला, तो ज्वालामुखी म्हणजे भोवतालचे सगळेच. फिरा, इया, समोरचे थिरासिया बेट हे त्या काहिलीचे काठ, आणि सुमारे ११ किलोमीटर लांब व ७ किलोमीटर रुंद असे मधले निळे पाणी ही ती काहील. ३०० मीटर उंचीच्या त्या कड्यांत लाल, काळे, करडे थर दिसतात आणि सर्वांत वर फिकट प्युमिसचा, म्हणजे हलक्या, सच्छिद्र ज्वालामुखी दगडाचा थर. हे एका वाक्यात सांगितले असते, तर बोटीच्या कठड्याला टेकून उभ्या असलेल्या प्रत्येकाने त्या कड्याकडे वेगळ्या नजरेने पाहिले असते. आपण तर स्वतः ज्वालामुखीच्या खडकावर राहणारी माणसे आहोत. सह्याद्रीचा काळा बसाल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. आपल्या पूर्वजांनी त्यात अजिंठा आणि वेरूळ कोरले; त्या बेटावरच्या गरीब खलाशांनी मऊ राखेच्या थरात घरे कोरली. आज छायाचित्रांत जी पांढरी घुमटाकार हॉटेले दिसतात, त्यांतली कित्येक ही अशी कोरलेली घरेच आहेत.

याच राखेची आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. पाण्याखाली घट्ट होणारा चुना करण्यासाठी ती चांगली, म्हणून सुएझ कालव्याच्या बांधकामासाठी १८६० च्या दशकात ती येथून जहाजे भरभरून नेली गेली, आणि ती खणतानाच प्राचीन भिंती पहिल्यांदा उघड्या पडल्या. कालवा १८६९ मध्ये खुला झाला आणि मुंबईचे बंदर युरोपच्या जवळ आले.

आमच्याबरोबर तासगावचे एक द्राक्षबागायतदार होते. बसमधून जाताना त्यांना शेतात जमिनीलगत गवताच्या परड्या उपड्या ठेवल्यासारखे काहीतरी दिसले. त्या द्राक्षवेली होत्या. या बेटावर वारा इतका आणि पाऊस इतका कमी, की शेतकरी वेल मांडवावर न चढवता जमिनीवरच गोल गुंफतात. त्या परडीच्या आत घड सुरक्षित राहतात, आणि प्युमिसची जमीन रात्रीचा ओलावा धरून ठेवते. एकोणिसाव्या शतकात फिलोक्सेरा या किडीने युरोपातले द्राक्षमळे उद्ध्वस्त केले, तेव्हा येथील वेली वाचल्या, कारण या मातीत ती कीड तग धरत नाही. म्हणून येथे आजही वेली स्वतःच्या मुळांवर उभ्या आहेत. बागायतदारांनी दोनदा विनंती केली, पण बस थांबली नाही. नंतर इयामध्ये आम्ही सूर्यास्ताची वाट पाहत साडेतीन तास उभे होतो.

सूर्यास्त सुंदर होता, यात शंका नाही. सव्वाआठच्या सुमारास सूर्य पाण्याला टेकला, तेव्हा सगळी गर्दी गप्प झाली होती. पण त्याआधी त्या अरुंद गल्ल्यांत आम्ही हजारो माणसे एकमेकांना ढकलत उभे होतो, काही तरुण प्रार्थनास्थळाच्या छपरावर चढत होते, आणि 'तुमची ही सुट्टी असेल, आमचे मात्र हे घर आहे' अशा अर्थाचा फलक मी तेथे वाचला. या बेटाची लोकसंख्या सुमारे १५,५०० आणि २०२३ मध्ये तेथे आलेले पर्यटक सुमारे ३४ लाख. २०२५ पासून क्रूझ जहाजांच्या प्रवाशांना दिवसाला ८,००० ची मर्यादा आणि ऐन हंगामात माणशी २० युरोचा कर लागू झाला, तो या गर्दीमुळेच. आपण आपल्या लोकांना इयामध्ये सकाळी आठ वाजता नेले, तर ते गाव त्यांना रिकामे मिळेल, आणि सूर्यास्त याच कड्यावरच्या इतर गावांतूनही दिसतो. आपल्या माणसांना त्यासाठी कोणाच्या दारात तीन तास उभे राहावे लागू नये.

जेवणाविषयी लिहिताना मला संकोच वाटतो, कारण आपल्या स्वयंपाक्यांनी परदेशात पोळी-भाजी करून वाढणे हे कष्टाचे काम आहे आणि अनेकांना ते हवेच असते. पण आठवड्यात एक दुपार तरी त्या मातीतले अन्न मिळावे. अक्रोतिरीच्या खाली किनाऱ्यावर एका साध्या खानावळीत आम्ही दोघींनी शाकाहारी काय आहे, असे विचारले. त्यांनी टोमॅटोची भजी आणली, अगदी आपण करतो तशी, बेटावरच्या छोट्या आंबटगोड टोमॅटोंची. आणि 'फावा' नावाचे पिवळे, घट्ट वरण, वर ऑलिव्हचे तेल, कच्चा कांदा आणि लिंबू. परिचारिकाबाईंनी पहिला घास घेतला आणि त्या थांबल्या. त्यांनी खुणेनेच कोरडी डाळ दाखवा, असे म्हटले. खानावळीच्या मालकीणबाई आतून बशीत मूठभर डाळ घेऊन आल्या. बाईंनी दाणे तळहातावर पसरले, अंगठ्याने चोळले आणि म्हणाल्या, "ही आपली लाखोळीची बहीण आहे. माझी आई हिचंच वरण करायची." परत आल्यावर मी पाहिले, तर त्यांचे बरोबर होते. सँटोरिनीचा फावा आणि विदर्भातील लाखोळी या एकाच वनस्पतिकुळातल्या, एकाच प्रजातीतल्या दोन जाती आहेत. भंडाऱ्याच्या धानाच्या बांधीत होणाऱ्या पिकाची बहीण एजियन समुद्रातल्या ज्वालामुखीवर पिकते, हे आमच्या गटातील ३८ जणांना कळलेच नाही. ते त्या वेळी फिरा येथे चुंबकाची चित्रे विकत घेत होते, आणि त्यात त्यांचा काही दोष नव्हता. त्यांना दुसरे काही सुचवलेच गेले नव्हते.

दोन छोट्या गोष्टी आणखी. फिरा गावापासून जुन्या बंदरापर्यंत सुमारे ६०० पायऱ्या आहेत आणि त्यांवर गाढवांची सवारी मिळते. आपल्यापैकी काहींच्या पत्रकात ती 'अविस्मरणीय अनुभव' म्हणून छापली आहे. त्या प्राण्यांवर १०० किलोपेक्षा अधिक ओझे लादू नये, असा नियम ग्रीसला २०१८ मध्ये करावा लागला. उन्हात, घासून गुळगुळीत झालेल्या दगडांवर घसरणारी ती जनावरे मी पाहिली. १९७९ पासून तेथे केबल कार आहे, म्हणून ती सवारी पत्रकातून काढून टाकावी. दुसरे, पाणी. त्या बेटावर नदी नाही. पूर्वी प्रत्येक घर पावसाचे पाणी टाक्यात साठवत असे आणि आज समुद्राचे पाणी गोडे करून वापरतात. माण-खटावच्या माणसाला हे एकदा सांगितले, की तो हॉटेलातला नळ आपोआप जपून सोडतो.

भूकंपाविषयीही आपण लोकांशी मोकळेपणाने बोलावे. ९ जुलै १९५६ च्या भूकंपाने या बेटावरची गावे उद्ध्वस्त केली आणि पन्नासहून अधिक माणसे गेली. २०२५ च्या फेब्रुवारीत सततच्या धक्क्यांमुळे ११,००० हून अधिक लोक बेट सोडून गेले होते. हे सांगितल्याने बुकिंग कमी होईल, अशी भीती आपणास वाटत असेल. किल्लारी आणि कोयना माहीत असलेली माणसे एवढ्याने घाबरणार नाहीत. उलट त्या तडकलेल्या जिन्यापुढे ती अधिक वेळ उभी राहतील.

माझी विनंती अशी आहे. सँटोरिनीच्या दोन रात्रींच्या तीन कराव्यात. ते शक्य नसेल तर खरेदीची दुपार आणि इयामधले साडेतीन तास यांतून वेळ काढून अक्रोतिरीसाठी दोन तास आणि फिराच्या संग्रहालयासाठी एक तास द्यावा, त्यांची प्रवेशतिकिटे सहलीच्या रकमेतच धरावीत, आणि क्रूझची गर्दी येण्याआधी, म्हणजे सकाळी पहिल्याप्रथम तेथे न्यावे. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनाही हे झेपते. छपराखाली सावली आहे, चालायला लाकडी मार्ग आहे, आणि ७४ वर्षांच्या माझ्या सोबतिणीला तेथे कोठेही बसून राहावे लागले नाही. द्राक्षमळ्यापाशी बस वीस मिनिटे थांबवावी. सहल व्यवस्थापकांना पाठवण्याआधी बेटाविषयी नीट माहिती लिहून द्यावी.

ही शेवटची गोष्ट मी स्वतः करू शकते, म्हणून केली आहे. कॅल्डेरा, अक्रोतिरी, संग्रहालयातील चित्रे, द्राक्षवेली आणि फावा यांविषयी चार पानांचे मराठी टिपण, कॅल्डेराच्या आकृतीसह, मी तयार केले आहे. ते बसमध्ये पंधरा मिनिटांत वाचून दाखवता येईल. ज्या संयोजकांना ते हवे असेल त्यांनी घ्यावे, आपल्या नावाने छापावे, त्यासाठी मला काहीही नको. पुढील हंगामाची पत्रके छपाईला जाण्यापूर्वी फक्त त्यांतील 'अक्रोतिरी – बाहेरून, वेळ मिळाल्यास' या ओळीवर एक रेघ मारावी.

कळावे,

आपली नम्र,
एक निवृत्त भूगोल शिक्षिका
सातारा